हायपरव्हायजर बिल्ड करताना मशीनमध्ये नसलेल्या सुविधांचं काय करायचं

जळगाव-भुसावळकडे हायपरव्हायजर, म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम, शिकायला बसणारी मुलं नव्या सर्व्हरवर क्वचितच बसतात. समोर असतो तो कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला, गोलाणी मार्केटमधून सेकंडहँड घेतलेला डेस्कटॉप. पुस्तकात किंवा व्हिडिओत 'हे फीचर चालू करा' असं एका वाक्यात सांगून पुढे जातात, आणि नेमकं तिथेच आपलं मशीन अडतं. मग मुलं घाबरून दिसेल ते बंद करत सुटतात, नाहीतर जे नाही तेच जबरदस्तीने चालू करायला बघतात. दोन्हींत आठवडे जातात. माझेही गेले आहेत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

उदाहरणासाठी झेन हा हायपरव्हायजरचा प्रकल्प घेतलाय. त्याचा हायपरव्हायजर एकटाच, जुन्या मशीनवरही थोड्या वेळात बिल्ड होतो. २०१६ मध्ये आलेल्या ४.७ आवृत्तीपासून त्याची बिल्ड-कॉन्फिग लिनक्स कर्नलसारखी के-कॉन्फिग या पर्याय निवडण्याच्या यंत्रणेवर चालते, म्हणजे इथे शिकलेलं पुढे कर्नलसाठीही कामी येतं. केव्हीएम (लिनक्स कर्नलमधला हायपरव्हायजर) आणि क्यूएमू (आभासी मशीनचं हार्डवेअर पुरवणारा प्रोग्राम) यांच्याबद्दल शेवटाकडे लिहिलंय. इथे आज्ञा आणि पर्यायांची नावं देवनागरीत आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

आधी 'सपोर्ट नाही' म्हणजे काय ते ठरवा

माझ्याकडे येणारा प्रत्येक जण सांगतो, 'फीचर सपोर्ट नाही'. या शब्दांमागे चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि चौघींचा इलाज वेगळा आहे.

प्रोसेसरच्या चिपमध्ये ती सुविधाच नाही, ही पहिली. चिपमध्ये आहे पण बायॉसने कुलूप लावलंय, ही दुसरी. तिसरीत मशीन ठीक असतं, पण तुमचा कंपायलर किंवा असेंबलर इतका जुना असतो की त्याला त्या सूचनाच समजत नाहीत. चौथीत हार्डवेअर, बायॉस, कंपायलर सगळं जागेवर असतं. फक्त प्रकल्पानेच सांगितलेलं असतं की या कोडची सुरक्षेची हमी आम्ही घेत नाही.

कॉन्फिगला हात लावण्याआधी आपण चारपैकी कुठे आहोत हे कळलंच पाहिजे. बायॉसचं कुलूप असताना कॉन्फिग बदलत बसणं म्हणजे विहिरीत पाणी आहे, मोटारीचा स्टार्टर बंद आहे, आणि आपण पाइप बदलतोय.

पायरी १: मशीनलाच विचारा

झेन टाकण्याआधी, साध्या लिनक्सवर बूट केलेलं असतानाच हे करा. 'प्रॉक' फोल्डरमधली 'सीपीयूइन्फो' ही फाइल उघडा आणि 'फ्लॅग्ज'ची ओळ शोधा. इंटेलच्या प्रोसेसरवर 'व्हीएमएक्स', एएमडीच्या प्रोसेसरवर 'एसव्हीएम' हा शब्द दिसला पाहिजे. इंटेलने ही व्हर्च्युअलायझेशनची, म्हणजे आभासी मशीन चालवायला मदत करणारी, सुविधा २००५ मध्ये आणली, एएमडीने २००६ मध्ये. पण नंतरच्या प्रत्येक चिपमध्ये ती असतेच असं नाही. पेंटियम ई५२०० सारख्या स्वस्त प्रोसेसरमध्ये ती नाहीच. दुकानातल्या माणसाच्या 'सगळं चालतं' या शब्दावर जाऊ नका. खरेदीच्या वेळीच लाइव्ह पेनड्राइव्ह लावून ही ओळ बघा.

व्हीएमएक्स दिसलं म्हणजे झालं, असं समजू नका. त्याच ओळीत पुढे 'ईपीटी' शोधा, एएमडीवर 'एनपीटी'. गेस्टच्या, म्हणजे हायपरव्हायजरवर चालणाऱ्या आभासी मशीनच्या, मेमरीची पानं शोधण्याचं काम प्रोसेसर स्वतः करतो की हायपरव्हायजरला सॉफ्टवेअरने करावं लागतं, हे त्यावरून ठरतं. एएमडीने हे २००७ च्या बार्सिलोना ऑप्टेरॉनमध्ये आणलं, इंटेलने २००८ च्या अखेरीस नेहालेममध्ये. म्हणजे त्याआधीच्या कोअर टू डुओमध्ये व्हीएमएक्स असेल, पण ईपीटी नसणार.

माझ्या टेबलावर अजून असं एक मशीन आहे, कोअर टू डुओ ई८४०० चं. त्याच्या फ्लॅग्जच्या ओळीत 'व्हीएमएक्स' आहे, शेवटाकडे 'टीपीआर_शॅडो', 'व्हीएनएमआय', 'फ्लेक्सप्रायॉरिटी' असे शब्द येतात आणि तिथेच ओळ संपते. ईपीटी नाही, त्याच्यासोबत आलेली व्हीपीआयडी ही सुविधाही नाही. हे मशीन पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

आता बायॉस. लिनक्स ५.६ पासून कर्नलचं वागणं बदललंय: बायॉसने व्हर्च्युअलायझेशन बंद ठेवलं असेल तर तो 'व्हीएमएक्स' हा शब्द सीपीयूइन्फोमधून काढूनच टाकतो. म्हणून नव्या कर्नलवर शब्द न दिसणं म्हणजे चिपमध्ये सुविधा नाही, असा अर्थ लगेच लावू नका. 'डीमेसेज' चालवा आणि 'व्हीएमएक्स... डिसेबल्ड बाय बायॉस' अशी ओळ आहे का ते बघा. असेल तर चिप निर्दोष आहे.

आणखी खात्री हवी असेल तर 'एमएसआर-टूल्स' हे पॅकेज टाका, 'मॉडप्रोब एमएसआर' करा आणि 'आरडीएमएसआर' वापरून ०एक्स३ए हे रजिस्टर वाचा. यातला शून्य क्रमांकाचा बिट म्हणजे कुलूप, दोन क्रमांकाचा बिट म्हणजे व्हीएमएक्सला परवानगी. जुन्या मशीनवर उत्तर ५ किंवा ७ आलं, तर परवानगी देऊन कुलूप लावलंय, सगळं ठीक. १ आलं, तर परवानगी न देताच कुलूप लावलंय. आता कुठलंही सॉफ्टवेअर ते उघडू शकत नाही, बायॉसमध्ये जावंच लागेल. तिथे इंटेलवर 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी', एएमडीवर 'एसव्हीएम मोड' चालू करा, सेव्ह करा आणि मग मशीन पूर्ण बंद करून, पिन काढून, पुन्हा सुरू करा. नुसत्या रीस्टार्टने काही मशीनवर बदल लागू होत नाही.

पायरी २: झेनमध्ये गेल्यावर डॉम-शून्यला विचारू नका

हा सापळा इतक्या जणांना लागलाय की त्याची वेगळी पायरी केली. पॅकेजमधून मिळणारं तयार झेन टाकलं, त्यात बूट केलं, आणि सवयीने पुन्हा सीपीयूइन्फो उघडली. व्हीएमएक्स गायब! काल होतं, आज नाही. लगेच निष्कर्ष निघतो की झेनने काहीतरी बिघडवलं.

काहीही बिघडलेलं नसतं. डॉम-शून्य, म्हणजे झेनचा कारभार बघणारं मुख्य लिनक्स, झेनच्या वर चालतो. त्याला झेन दाखवेल तेवढंच दिसतं, आणि व्हीएमएक्स झेनने स्वतःच्या हातात ठेवलेलं असतं. म्हणून प्रश्न झेनलाच विचारायचा. 'एक्सएल इन्फो' चालवा. 'व्हर्ट_कॅप्स'च्या ओळीत 'एचव्हीएम' (व्हीएमएक्स किंवा एसव्हीएमच्या जोरावर चालणारे गेस्ट) आहे का बघा. 'एचव्हीएम_डायरेक्टआयओ' असेल तर आयओएमएमयूही (डिव्हाइसला मेमरीत कुठे पोचता येईल ते ठरवणारा भाग) चालू आहे. 'झेन_कॅप्स'च्या ओळीत 'एचव्हीएम-३.०' ने सुरू होणारे शब्द नसतील आणि फक्त 'झेन-३.०' असेल, तर एचव्हीएम गेस्ट या घडीला चालणार नाहीत.

मग 'एक्सएल डीमेसेज'. यात इंटेलवर 'सपोर्टेड अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स' अशी यादी येते. ईपीटी, व्हीपीआयडी जे काही असेल ते त्यात एकेका ओळीवर छापलेलं असतं. खाली 'हार्डवेअर असिस्टेड पेजिंग' ही ओळ शोधा. ती नसेल किंवा तिच्यात 'नॉट' असेल, तर तुमचं मशीन माझ्या ई८४०० च्याच पिढीचं.

हे दोन्ही आउटपुट फाइलमध्ये ठेवा. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर ठेवा. पुढे नव्या बिल्डशी ताडून बघायचाय.

पायरी ३: कॉन्फिग उघडा, पण फाइल हाताने लिहू नका

सोर्सच्या फोल्डरमध्ये जाऊन 'मेक -सी झेन मेन्यूकॉन्फिग' दिलं की निळा मेनू उघडतो. तुम्ही जे निवडाल ते 'झेन' फोल्डरातल्या 'डॉट कॉन्फिग' या फाइलमध्ये साठतं.

चोपड्याच्या एका मुलाचा मला फोन आला होता. म्हणाला, "सर, मी फाइलीत स्वतः वाय लिहिलं. मेक चालवलं आणि ओळच गेली. मशीन सपोर्ट करत नाही ना?"

मी विचारलं, "मेनूत तो पर्याय दिसतो का?"

"नाही दिसत, म्हणून तर हाताने लिहिला."

यात मशीनचा संबंधच नव्हता. के-कॉन्फिगमधला प्रत्येक पर्याय दुसऱ्या कशावर तरी अवलंबून असू शकतो. ती अट पूर्ण होत नसेल तर पर्याय मेनूत दिसत नाही, आणि फाइलीत हाताने लिहिला तरी पुढच्या वेळी कॉन्फिग वाचताना गुपचूप गळून पडतो. एररही येत नाही. म्हणून मेनूत असताना तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, दाबा आणि पर्यायाचं नाव शोधा. समोर येणाऱ्या माहितीत 'डिपेंड्स ऑन' ही ओळ वाचा: तिथे प्रत्येक अटीची सध्याची किंमत लिहिलेली असते, कुठली अट 'एन' आहे ते तिथेच कळतं. 'सिलेक्टेड बाय' लिहिलेलं असेल तर उलटी गोष्ट: दुसरा कुणीतरी हा पर्याय ओढून चालू करतोय, आणि तो तसाच असेपर्यंत तुम्हाला हा बंद करता येणार नाही.

त्या मुलाला मी आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. डॉट कॉन्फिगमध्ये अशा ओळी असतात: सुरुवातीला हॅश, मग पर्यायाचं नाव, मग 'इज नॉट सेट'. हॅश बघून आपण म्हणतो ही कॉमेंट आहे, पुसली तरी काय फरक पडतो. फरक पडतो! के-कॉन्फिग ती ओळ वाचतं आणि तिचा अर्थ 'हा पर्याय मुद्दाम बंद ठेवलाय' असा घेतं. ती पुसली की पर्याय 'अजून ठरवलेला नाही' होतो, आणि पुढच्या 'ओल्डडेफकॉन्फिग'ला त्याची मूळ किंमत लागू होते. ती 'वाय' असेल तर तुम्ही विचारपूर्वक बंद केलेली गोष्ट परत चालू. फाइल 'स्वच्छ' करण्याच्या नादात ही चूक होते.

म्हणून बदल करण्याआधी डॉट कॉन्फिगची एक प्रत काढून ठेवायची. बदल मेनूतून करायचा. मग 'मेक -सी झेन ओल्डडेफकॉन्फिग' चालवायचं आणि जुनी प्रत व नवी फाइल यांचा 'डिफ' बघायचा. तुम्ही एक पर्याय बदललात आणि डिफमध्ये पाच ओळी आल्या, तर उरलेल्या चार कुठून आल्या हे समजल्याशिवाय बिल्ड करू नका.

पायरी ४: काय बंद करायचं, आणि कशाला हात लावायचा नाही

नवीन माणसाची समजूत असते की मशीनमध्ये जे नाही ते बिल्डमधून काढलंच पाहिजे, नाहीतर क्रॅश होईल. जवळजवळ नेहमीच हे खरं नसतं. कुठला कोड फाइलीत जाणार हे बिल्ड-कॉन्फिग ठरवते. तो कोड वापरायचा की नाही हे झेन बूट होताना प्रोसेसरला विचारून ठरवतं. सीपीयूआयडी नावाची सूचना त्यासाठीच असते. नसलेल्या सुविधेचा कोड नुसता पडून राहतो.

सुपरव्हायजर शॅडो स्टॅक हे चांगलं उदाहरण. हायपरव्हायजरच्या परतीच्या पत्त्यांशी कुणी छेडछाड केली तर प्रोसेसरच ती पकडतो, अशी ही सोय. ती इंटेलच्या टायगर लेकमध्ये आणि एएमडीच्या झेन ३ मध्ये, दोन्ही २०२० मध्ये आली. ई८४०० मध्ये ती असण्याचा प्रश्नच नाही. तरीही पर्याय चालू ठेवून बांधलेलं झेन त्या मशीनवर बूट होतं. मग तो बंद का करायचा? उद्या तीच फाइल नव्या मशीनवर नेली तर संरक्षण आपोआप मिळेल. एएमडीचा झेन आणि हायपरव्हायजर झेन यांची नावं मराठीत सारखीच लिहिली जातात, पण स्पेलिंग वेगळं आहे. शोधताना गल्लत होऊ देऊ नका.

याच्या उलट आता माझी चूक. मेनूत 'शॅडो पेजिंग' असा एक पर्याय आहे. नावात तोच 'शॅडो' शब्द, पण शॅडो स्टॅकशी काडीचाही संबंध नाही. मला वाटलं, ही जुनी पद्धत आहे, आता सगळीकडे हार्डवेअर पेजिंग असतं, तेव्हा हे काढून बिल्ड हलकं करू. मदतीचा मजकूर न वाचता बंद केलं आणि बिल्ड ई८४०० वर टाकलं. झेन बूट झालं, डॉम-शून्य आला, पीव्ही गेस्टही (व्हीएमएक्सशिवाय चालणारा प्रकार) चालला. एचव्हीएम गेस्ट मात्र काही केल्या सुरू होईना. दोन रात्री मी गेस्टची फाइल, डिस्कची इमेज, मेमरीचा आकडा बदलत बसलो.

कारण सरळ होतं. त्या प्रोसेसरमध्ये ईपीटी नाही. एचव्हीएम गेस्टची मेमरी सांभाळायला तिथे शॅडो पेजिंग हा एकच मार्ग होता, आणि तो मीच उखडून टाकला होता. त्या पर्यायावर प्रश्नचिन्ह दाबलं असतं तर तिथेच लिहिलेलं होतं: पहिल्या पिढीच्या व्हीटी-एक्स किंवा एसव्हीएम हार्डवेअरवर एचव्हीएम गेस्ट चालवायला, पीव्ही गेस्टचं लाइव्ह मायग्रेशन करायला, आणि एल१टीएफ या दोषापासून पीव्ही गेस्टना वाचवायला हे लागतं. म्हणजे नव्या मशीनवरसुद्धा ते अगदीच बिनकामाचं नाही.

त्यानंतर मी एक नियम पाळतो. पर्याय 'हार्डवेअरची सुविधा वापरण्यासाठी' असेल तर मशीनमध्ये नसली तरी चालू राहू द्यायचा. पर्याय 'हार्डवेअरची सुविधा नसेल तेव्हासाठी' असेल तर तो बंद करण्याआधी ती सुविधा प्रत्येक मशीनवर आहे याची पायरी १ सारखी खात्री करायची. आणि कुठल्याही पर्यायावर प्रश्नचिन्ह दाबून मदत पूर्ण वाचायची, इंग्रजी कळायला जड गेलं तरी.

मग बंद करावं तरी कधी? ज्या प्रकारचे गेस्ट तुम्ही कधीच चालवणार नाही, त्यांचा कोड काढणं योग्य आहे. कोड कमी म्हणजे हल्ल्याला जागा कमी. मशीनमध्ये व्हीएमएक्स किंवा एसव्हीएम मुळातच नसेल आणि फक्त पीव्ही गेस्ट चालवायचे असतील, तर एचव्हीएम बंद करून बांधलेलं झेन अगदी रीतसर आहे. पण दहा वेगवेगळ्या मशीनची लॅब असेल, तर एकाच सर्वसाधारण बिल्डवर राहा. प्रत्येक मशीनसाठी वेगळं बिल्ड केलं की दोन महिन्यांनी कुठलं कुठे टाकलंय ते कुणालाच आठवत नाही.

कंपायलर जुना असेल तर

शॅडो स्टॅकचा पर्याय काही मशीनवर मेनूत दिसतच नाही. तो ज्या अटीवर अवलंबून आहे तिचं नाव 'हॅज_एएस_सीईटी_एसएस'. ती तुम्ही चालू-बंद करू शकत नाही. कॉन्फिग चालते तेव्हा ती तुमच्या असेंबलरला त्या कुटुंबातल्या एक-दोन सूचना देऊन बघते. त्याने घेतल्या तर अट खरी, नाकारल्या तर खोटी. यात प्रोसेसर कुठेच येत नाही. इलाज म्हणजे असेंबलर ज्या पॅकेजात येतो त्या बिनयूटिल्सची नवी आवृत्ती, किंवा नव्या डिस्ट्रिब्यूशनवर बिल्ड करणं. ज्या मशीनवर बांधलं त्याच मशीनवर चालवलं पाहिजे अशी सक्ती नाही.

पण याच सवलतीतून एक घोळ होतो. वेगासाठी कुणीतरी कंपायलरला 'मार्च नेटिव्ह' द्यायला सांगतं. त्याचा अर्थ असा की समोरच्या प्रोसेसरमध्ये जे जे आहे ते सगळं वापरून कोड तयार कर. नव्या लॅपटॉपवर असं बांधून जुन्या डेस्कटॉपवर नेलं की 'इललीगल इन्स्ट्रक्शन' येऊन प्रोग्राम मरतो. क्यूएमूसारख्या वरच्या साधनांमध्ये हे जास्त दिसतं. सीपीयूआयडीची तपासणी इथे वाचवत नाही, कारण या सूचना कंपायलरने सगळीकडे पेरलेल्या असतात. बिल्ड दुसऱ्या मशीनवर जाणार असेल तर हा फ्लॅग वापरूच नका.

आपल्याकडची म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की जुन्या मशीनवर बिल्ड मध्येच तुटतं आणि 'इंटर्नल कंपायलर एरर' किंवा 'सेगमेंटेशन फॉल्ट' दिसतं. पुन्हा मेक द्या. या वेळी दुसऱ्याच फाइलवर तुटलं, तर कॉन्फिगचा दोष नाही. प्रोसेसर तापलाय किंवा रॅम खराब आहे. कॉन्फिगची चूक दर वेळी त्याच ठिकाणी अडवते. पंख्यातली धूळ काढा, थर्मल पेस्ट नवी लावा, एकाच जॉबवर मेक चालवा, रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवा. मी तरी मे महिन्यात बिल्ड पहाटेच करतो.

प्रकल्पच 'अनसपोर्टेड' म्हणतो तेव्हा

सोर्सच्या मुख्य फोल्डरात 'सपोर्ट डॉट एमडी' नावाची फाइल आहे. कुठली सुविधा पूर्ण सपोर्टेड, कुठली टेक प्रिव्ह्यू, कुठली एक्सपेरिमेंटल, ते त्यात एकेका सुविधेपुढे लिहिलंय. ती वाचायला कंटाळू नका. एवढ्या प्रामाणिकपणे लिहिलेली यादी फार थोड्या प्रकल्पांत मिळते.

मेनूत काही पर्यायांपुढेच 'अनसपोर्टेड', 'एक्सपर्ट' असं छापलेलं असतं. मेमरी शेअरिंग त्यातलंच एक. हे पर्याय दिसण्यासाठी आधी 'कॉन्फिगर अनसपोर्टेड फीचर्स' किंवा 'कॉन्फिगर एक्सपर्ट फीचर्स' चालू करावं लागतं. जुन्या आवृत्त्यांत त्याऐवजी मेक चालवताना 'झेन_कॉन्फिग_एक्सपर्ट' हे व्हेरिएबल 'वाय' द्यावं लागायचं, म्हणून जुन्या लेखांत तसं सापडेल.

इथे 'अनसपोर्टेड'चा अर्थ 'चालणार नाही' असा नाही. बहुतेकदा चालतं. अर्थ असा की त्यात सुरक्षेचं भोक सापडलं तर प्रकल्प त्यासाठी सुरक्षा-सूचना काढायला बांधील नाही. शिकण्याच्या मशीनवर जरूर चालू करून बघा, मोडून बघा. पण ज्या मशीनवर सोसायटीचे हिशेब, दवाखान्याच्या नोंदी किंवा जिनिंगच्या गाठींचा हिशेब आहे, तिथे हा पर्याय चालू असलेलं बिल्ड टाकू नका. तिथे मालकाला धोका कळतच नाही, आणि तो त्याच्या वतीने तुम्ही पत्करलेला असतो.

पायरी ५: टाकायचं कसं, तपासायचं कसं

'मेक झेन' दिलं की फक्त हायपरव्हायजर तयार होतो आणि 'झेन' फोल्डरात 'झेन डॉट जीझेड' मिळतं. ते बूट फोल्डरात वेगळ्या नावाने ठेवा. चालणाऱ्या जुन्या फाइलीवर कधीच लिहू नका. ग्रबमध्ये, म्हणजे बूटच्या मेनूत, जुनी नोंद राहिली पाहिजे. नव्या नोंदीत झेनच्या ओळीवर 'नोरीबूट' घाला. बूट होताना पॅनिक झालं तर मशीन लगेच रीस्टार्ट न होता थांबतं आणि शेवटच्या ओळी वाचता येतात. तेव्हा मात्र मोबाइलने फोटो काढा.

बूट झालं की पायरी २ मधल्या दोन्ही आज्ञा पुन्हा चालवा आणि जुन्या आउटपुटशी ताडा. ४.१४ पासूनच्या झेनमध्ये आणखी एक सोय आहे: 'झेनहायपएफएस कॅट' देऊन 'बिल्डइन्फो' खालचं 'कॉन्फिग' वाचलं, की आत्ता चालू असलेलं झेन कुठल्या कॉन्फिगने बांधलंय ते त्याच्याच पोटातून बाहेर येतं. आपण भलत्याच बिल्डमध्ये बूट केलंय, हे मला यातूनच दोनदा कळलं.

आयओएमएमयूसारखी एखादी सुविधा नसेल तर मशीन पुढे जाऊच नये, असं वाटत असेल तर ते बिल्डमध्ये ठरवायचं नसतं. झेनच्या बूट-ओळीवर 'आयओएमएमयू=रिक्वायर्ड' द्या. सुविधा नसेल तर झेन तिथेच थांबेल. डिव्हाइस गेस्टला द्यायचं असेल तेव्हा ही सक्ती चांगली.

केव्हीएमवाल्यांसाठी

केव्हीएम २००७ मध्ये २.६.२० या कर्नलसोबत लिनक्समध्ये आलं. तिथे इंटेल आणि एएमडीचे भाग वेगवेगळे मॉड्यूल असतात, त्यामुळे दोन्ही 'एम' करून ठेवायला काहीच हरकत नाही. ज्याचं हार्डवेअर नाही ते मॉड्यूल 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' सांगून लोड व्हायला नकार देतं, बस. ईपीटी खरोखर वापरात आहे का, हे 'सिस' फोल्डरखाली 'केव्हीएम_इंटेल' मॉड्यूलच्या 'पॅरामीटर्स'मध्ये 'ईपीटी' या फाइलीत दिसतं: वाय किंवा एन. कर्नलची कॉन्फिग तुकड्यांतून जोडत असाल तर कर्नलच्या सोर्समधली 'मर्ज_कॉन्फिग' स्क्रिप्ट वापरा. तुम्ही मागितलेली किंमत शेवटच्या फाइलीत आली नाही तर ती स्पष्ट इशारा देते. चोपड्याच्या मुलासारखं अंधारात राहावं लागत नाही.

क्यूएमूच्या 'कॉन्फिगर'चा स्वभाव वेगळा आहे. तिथे बहुतेक सुविधा तीन अवस्थांत असतात: चालू, बंद आणि 'ऑटो'. काहीच सांगितलं नाही तर ऑटो, म्हणजे लागणारी लायब्ररी मिळाली तर घेतो, नाही मिळाली तर न बोलता सोडून देतो. बिल्ड यशस्वी होतं आणि हवी ती सुविधाच आत नसते. म्हणून जे हवंच आहे त्यासाठी 'इनेबल' असं नाव घेऊन सांगा. नसेल तर कॉन्फिगर तिथेच थांबेल आणि काय कमी आहे ते सांगेल. शेवटी छापला जाणारा सारांश वाचायचा.

गेस्ट सुरू करताना क्यूएमू कधी 'होस्ट डझंट सपोर्ट रिक्वेस्टेड फीचर' असा इशारा देतो आणि ती सुविधा वगळून गेस्ट चालू करतो. सरावात ते ठीक आहे. पण गेस्ट एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायचा असेल तर 'सीपीयू'च्या पर्यायात 'एन्फोर्स' जोडा, म्हणजे सुविधा नसेल तर गेस्ट सुरूच होणार नाही. लिब्व्हर्टमध्ये (आभासी मशीन सांभाळण्याचं साधन) हेच काम प्रत्येक सुविधेपुढे 'रिक्वायर', 'ऑप्शनल', 'डिसेबल' अशी पॉलिसी लिहून होतं.

प्रत्येक बिल्डसोबत एक नोंद

डॉट कॉन्फिगशेजारी एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. काय बदललं, चारपैकी कुठल्या कारणाने, आणि हे पुन्हा कधी तपासायचं, एवढंच. माझ्या ई८४०० शेजारच्या फाइलीत सध्या तीन ओळी आहेत:

शॅडो_पेजिंग: चालू. चिपमध्ये ईपीटी नाही. हे मशीन असेपर्यंत बंद करू नये.

सुपरव्हायजर शॅडो स्टॅक: चालू. चिपमध्ये नाही, तरी त्रास नाही. हात लावायची गरज नाही.

अनसपोर्टेड: बंद. मेमरी शेअरिंग शिकवताना एका बिल्डपुरतं चालू केलं होतं, ते बिल्ड बूट फोल्डरातून काढलं.